सोपानची प्यादेमात

सोपान मारकडला खुर्ची सोसायची न्हाय. मस्करी करत न्हाय मी. इंदापुरात एस.टी. स्टँडसमोर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान हाय. अमजद मुलाणी म्हणून विचारा, कुणीबी बोट दाखवंल. दहा-बारा वर्षं हा माणूस माझ्या दुकानात येत हुता, आणि एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर दहा मिनिटं सलग टेकला असंल तर शपथ. यायचा, पायरीवर उभा राहायचा, आत यायचा, काउंटरवरचा चिमटा उचलायचा, ठेवायचा, परत बाहेर जाऊन रस्ता बघून यायचा. मी भिंगातनं केसाएवढा स्क्रू बघतोय आणि हा टेबलाला गुडघा लावून हालवतोय!

"आरं, जरा बूड टेक की! का गळू झालंय तुला?" मी ओरडायचो. मी मूळचा तापट. घड्याळाच्या कामाला थंड डोकं लागतं म्हणत्यात, ते मला भिंग डोळ्याला असंस्तवर असतं. भिंग काढलं की गेलं.

त्यावर तो हसायचा. "मुलाणी, मी चालताना जन्मलोय. मला उभं राहायलाच कुणी शिकवलं न्हाय, बसायचं कुठलं?"

ते एका अर्थानं खरंच हुतं. सोपान शेळगावचा. बाप, मानसिंगतात्या, मेंढकी. दसरा-दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणच्या वाटंला लागायचं, ते पाऊस आला की माघारी. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. सोपान दहा वर्षांचा हुईस्तवर एका जागी पाच रात्रीसुद्धा निजला न्हवता. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, रान भिजायला लागलं, तात्यांनी मेंढरं विकली आणि घर झालं. घर झालं, पण पोराच्या पायातली वाट काय गेली न्हाय. एका दूध संघात तो रोजंदारीवर लागला. पहाटं कॅन उतरवायचं, दुधाची फॅट काढायची, कॅन धुवायचं. नऊ वर्षं रोजंदारी. 'आज ये', 'उद्या नको', 'सणाला ये', 'सणानंतर नको'. बायको द्वारकाबाई म्हणायची, "सकाळी दारात उभी राहून बघते भावजी, हे कामावर निघाल्यात का नुसतंच निघाल्यात, ते मलाबी कळत न्हाय."

असला माणूस बुद्धिबळ खेळतो म्हणल्यावर लोक हसायचे. मीबी हसलो हुतो. पण खेळ त्याच्या घरातच हुता. मेंढकी लोक दुपारी मेंढरं सावलीला बसली की घोंगडीवर कापडाचा पट पसरून डाव मांडायचे. तो जुना देशी खेळ. प्यादं एकच घर चालतं, राजाला एकदा घोड्याची उडी मिळते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्यादेमात. वजिरानं किंवा हत्तीनं राजा मारला तर जिंकला म्हणायचे, पण त्याला कुणी विचारत न्हवतं. साध्या प्याद्यानं राजा मारायचा, तीच खरी मात. त्यातबी आधी एका प्याद्याला लोकरीचा धागा बांधून सांगायचं, 'ह्यानं मारनार.' आणि मग दुसरी दहा ठिकाणी मात मिळत असली तरी ती सोडायची, डाव लांबवायचा, आणि त्याच प्याद्यानं मारायचं. हरलेल्यानं आपला फेटा काढून पटावर ठेवायचा. मानसिंगतात्यांनी असले तीन फेटे उतरवले हुते. सुप्याच्या बाजारात अजून म्हातारी माणसं ती गोष्ट काढत्यात.

सोपान सोळा वर्षांचा असताना तात्यांबरोबर खेळत हुता. डाव रंगात आला. तात्या निवांत तंबाखू मळत हुते, आणि ह्या पठ्ठ्यानं वजीर उचलला आणि बापावर धाडदिशी मात केली. बापावर! पोरगं नाचायला लागलं. तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली, पट गुंडाळला आणि म्हणले, "वजिरानं कुनीबी मारतंय. तुज्यात दम न्हाय. तुज्या हातनं प्यादेमात व्हायची न्हाय."

तेवढंच. त्यानंतर बाप-लेक पटावर कधी बसले न्हाईत. सोपाननं ही गोष्ट मला निदान पन्नास वेळा सांगितली असंल, आणि दरवेळी सांगताना दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारत सांगितली. अरे, बाप एखादं बोलतो, त्याला काय आयुष्यभर उराशी धरून बसायचं? पण हा काय ऐकतोय!

नवा खेळ, स्पर्धेचा, तो मी त्याला शिकवला. मी काय मोठा खेळाडू न्हाय, पण नियम मला ठाऊक हुते. आणि एका बदली होऊन गेलेल्या बँकेतल्या साहेबानं माझ्याकडं एक फाटकं पुस्तक टाकलं हुतं. त्यात सोपानला त्याची सुरुवात सापडली. किंग्ज गॅम्बिट. राजापुढचं प्यादं दोन घरं, आणि दुसऱ्याच चालीला शेजारचं, उंटापुढचं प्यादं समोरच्याच्या तोंडात. घे, खा! त्यानं खाल्लं आणि प्यादी दामटत आपल्या घोड्यावर आला, तर घोडा हालवायचाच न्हाय. तोबी घे! आपण आपला राजा कोपऱ्यात टाकायचा आणि उघड्या पडलेल्या पट्टीतनं हत्ती, वजीर, उंट सगळं घेऊन त्याच्या राजावर पडायचं. वीस चालीत एकतर तो मेला, न्हायतर आपण. सोपान खूश. "मुलाणी, हे माझ्यासाठीच काढलंय कुणीतरी. ह्यात वाट बघायचीच न्हाय!"

इंदापूर-बारामतीच्या वर्तुळात त्याचं नाव व्हायला लागलं. उभ्यानं खेळायचा. चाल केली की हॉलला एक फेरी, परत येऊन चाल, परत फेरी. समोरचा मोजून-मापून खेळणारा असला की वैतागायचाच. एका मास्तरनं तर तक्रार केली हुती की ह्या माणसामुळं मला चक्कर येते.

मग आलं एकोणीसशे शहाण्णव. संघात कायमची एक जागा निघाली. एकच. तिच्यावर दोन नावं हुती, एक सोपान आणि दुसरा एका संचालकाच्या मेव्हण्याचा पोरगा. आता सांगा, ती जागा कुणाला जाणार? पण संघाचा मॅनेजर बुद्धिबळाचा येडा निघाला. त्यानं सोपानला केबिनमध्ये बोलावलं. पौष महिन्यात बारामतीला मोठी खुली स्पर्धा हुती. मॅनेजर म्हणला, "संघाच्या नावानं खेळ. पहिल्या तिघांत आलास तर पेपरात संघाचं नाव येतंय. ते कात्रण घेऊन मी मीटिंगला उभा राहतो, बघू कोण आडवा येतोय. तिघांत आला न्हाईस, तर मात्र माझ्या हातात काय न्हाय."

म्हणजे नऊ वर्षांचं सगळं सात डावांवर आलं. द्वारकाबाईनं त्या आठवड्यात मला दोनदा निरोप धाडला, 'भावजी, ह्यांना तेवढं खुर्चीत बसवा.' मी म्हणलो, वहिनी, मी घड्याळं दुरुस्त करतो, माणसं न्हाय.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात हुती. पौषात लग्नं नसत्यात, त्यामुळं हॉल मोकळा. भिंतीला अजून कुणाच्या तरी लग्नाची झिरमिळी लटकत हुती. स्पर्धेची दोन तोंडांची घड्याळं माझ्याकडंच दुरुस्तीला आली हुती. संयोजक म्हणले, दोन्ही दिवस हितंच बसा, एखादं बंद पडलं तर लगेच बघता येईल. अट एकच, तोंड उघडायचं न्हाय. ज्यांना ती घड्याळं ठाऊक न्हाईत त्यांच्यासाठी सांगतो. दोघांना एक-एक तास. आपली चाल केली की बटण दाबायचं, आपलं थांबतं आणि समोरच्याचं चालू. काटा बाराला आला की तांबडा झेंडा पडतो. झेंडा पडला की हरला, मग पटावर तुमचं राज्य का असंना.

शनिवारी सोपान चार खेळला, तीन जिंकला, एक हरला. रविवारी सकाळी दोन जिंकला. राहिला एक. हिशोब सरळ हुता: शेवटचा जिंकला तर तिसरा, बरोबरी झाली तरी बाहेर.

आणि त्या शेवटच्या डावाला मानसिंगतात्या आले.

कुणी बोलावलं न्हवतं. शेळगावातनं एस.टी. धरली, विचारत-विचारत हॉलवर आले. तांबडा फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बघणाऱ्यांसाठी दोरी बांधून तिच्यामागं लग्नातल्या खुर्च्या मांडल्या हुत्या, त्यातल्या एकीवर काठीवर हनुवटी टेकून बसले. सोपाननं बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. मला म्हणला, "मुलाणी, तात्या आल्यात."

"आले तर आले. तू पटाकडं बघ."

"सोळा वर्षं झाली, माझा डाव बघितला न्हाय त्यांनी."

"सोपान," मी दातओठ खाऊन म्हणलो, "कायम व्हायचंय का न्हाय?"

"व्हायचंय की," म्हणला, आणि गेला.

समोर हुती सुकन्या. बारामतीच्या कॉलेजातली पोरगी, अठरा-एकोणीस वर्षांची. स्वेटर, एक वेणी, शेजारी पाण्याची बाटली. दोन दिवसांत एक बरोबरी सोडली तर सगळे जिंकली हुती. चाल करायची, बारीक अक्षरात लिहायची, दोन्ही हात मांडीवर ठेवून गप. सोपानला पांढरी आली. त्यानं आपलंच मांडलं. दुसऱ्या चालीला प्यादं दिलं. तिनं घेतलं, प्यादी पुढं काढली, घोड्यावर आली. त्यानं घोडा दिला. तिनं पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तवर हा गडी फेरी मारायला निघून गेला हुता.

मग पंधरा-सतरा चाली काय खेळलाय तो! उंट सोडला, हत्ती मधल्या पट्टीत आणला, शहावर शह. तिच्या निम्म्या सोंगट्या अजून घरातच झोपल्या हुत्या आणि राजा उघड्यावर पळत कडेच्या पट्टीला आला. पण एवढं सगळं हिशोबात करायला सोपानलाबी घड्याळ जाळावं लागलं. त्याच्याकडं सात मिनिटं राहिली, तिच्याकडं वीस. मला काळजी न्हवती. कारण मला मात दिसली हुती. वजीर सरळ दोन घरं खाली, मागं हत्तीचा जोर, राजाला जायला जागा न्हाय. शाळेतल्या पोराला दिसली असती. तिलाबी दिसली हुती. तिनं पेनाला टोपण लावलं.

सोपानचा हात वजिरावर गेला. शिवला न्हाय, वर थांबला. त्यानं मान वळवून दोरीकडं बघितलं. तात्या काठीवर हनुवटी ठेवून त्याच्याकडंच बघत हुते. हात माघारी आला.

आणि सोपान खुर्चीत बसला. नीट, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला. मी जन्मात त्याला तसा बसलेला बघितला न्हवता. मला वाटलं, चांगलंय, खात्री करून घेतोय. एक मिनिट गेलं. दीड गेलं. मग त्यानं हात पुढं केला आणि कडेचं एक बारकं प्यादं एक घर सरकवलं.

मला आधी कळंनाच. मग कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. या अल्ला! हा प्यादेमात करायला निघाला हुता! मनात धागा बांधला हुता त्यानं त्या प्याद्याला.

सुकन्या गोंधळली. पटाकडं बघितलं, मग घड्याळाकडं, आणि टोपण परत काढलं. पोरगी हुशार. तिनं बिनकामाची एक चाल पटकन केली आणि बटण दाबलं. सोपाननं विचार करून हत्ती एक घर बाजूला घेतला, राजाची एक फट बुजवायला. तिनं लगेच दुसरी चाल. त्याची चार मिनिटं. वजिराची मात अजून तितंच हुती, उघडी! मी खोकलो. पंच माझ्याकडं बघायला लागले. मी रुमाल तोंडाला लावून परत खोकलो. सोपान ढिम्म. त्यानं उंट मागं घेतला. तीन मिनिटं. ज्या माणसानं आयुष्यभर माझं टेबल हालवलं तो दगडागत बसला हुता. घाम पुसला न्हाय, पाय हालवला न्हाय. प्यादं अजून एक घर. तिची चाल. आता एकच घर राहिलं, पण ते टाकायच्या आधी त्यानं सगळं परत तपासलं, राजा घोड्यामागं तर सुटत न्हाय ना, तिचा उंट आडवा तर येत न्हाय ना. तांबडा झेंडा काट्यावर चढून आडवा झाला हुता. ते घड्याळ मी माझ्या हातानं जुळवलं हुतं. एक सेकंद इकडं-तिकडं व्हायचं न्हाय, हे मलाच पक्कं माहीत.

त्यानं प्यादं उचललं. झेंडा पडला. त्यानं प्यादं ठेवलं.

"सर, झेंडा," सुकन्या हळूच म्हणली.

पंच आले, वाकून बघितलं, कागदावर लिहिलं. दुमत व्हायचं काय कारणच न्हवतं. सुकन्या अजून पटाकडं बघत हुती. "ही मात आहे," ती म्हणली. "पण आधीपण होती ना? वजिरानं?"

"व्हय," सोपान म्हणला.

"मग का नाही केली?"

सोपाननं हात जोडले आणि उठला. मॅनेजर दाराशी उभा हुता, तो स्कूटर चालू करून गेला.

स्टँडवर येईस्तवर मी त्याच्या चार पावलं पुढंच चाललो. शेजारी असतो तर हात उचलला असता. तात्या मात्र खुशीत हुते. फलाटावर बाकड्यावर टेकले, घोंगडी मांडीवर घेतली, म्हणले, "द्वारकाला पेढं न्या रं. झालं न्हवं समदं?"

"न्हाय तात्या," सोपान म्हणला. "हारलो."

"आरं, मग येवडा येळ गप बसला हुतास त्ये?"

माझा तोल गेला. भर स्टँडात ओरडलो. "तुमच्यापायी बसला हुता! हातात वजिराची मात हुती, एका चालीची! दुधाच्या पोरानं केली असती! तुमाला प्यादेमात दाखवायची म्हणून हा शहाणा प्यादं सरकवत बसला, आणि येळ संपली. नोकरी गेली तात्या, नोकरी!"

 तात्या सोपानकडं वळून म्हणले, "मला प्यादेमात पायजे म्हनून कोन म्हनलं तुला?"

"तुमीच. मी सोळा वर्सांचा असताना. म्हनला, तुज्यात दम न्हाय."

"त्ये व्हय?" तात्यांनी कपाळाला हात लावला. "येड्या, त्ये डोस्क्यात धरून बसलास? आरं, आमी मेंढरामागं दिसभर बसायचो. कुत्री राखायची, मेंढरं चरायची. आमाला काम काय हुतं? डाव लवकर सपला तर दुपार कशी काढायची? म्हनून ती प्यादेमात. तू नोकरीपायी खेळत हुतास न्हवं? मग हाताला घावंल त्यानं मारायचं की रं!"

"तुमी बघत हुता, तात्या."

"मी?" तात्या म्हणले. "मला हितनं ती समूरची गाडी कुठली त्ये दिसंना, तितनं तुजं प्यादं दिसतंय व्हय? दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. पट न्हाय बघितला मी. मी तुज्याकडं बघत हुतो. खुर्चीत निवांत बसल्याला दिसलास. म्हनलं, बसलं पोरगं. झालं कायम."

इंदापूरची गाडी लागली. सोपान फलाटाच्या कठड्यावर बसला हुता आणि हुंदके देत हुता, बत्तीस वर्षांचा गडी. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मी आधी तात्यांना वर चढवलं, मग खाली येऊन त्याला दंडाला धरून उठवला.